तुला हॉटेल लाईन जमणार नाही म्हणून हाकललं, पुढं त्याच पोराचं नाव ‘श्रीमंती’ म्हणून डिक्शनरीत गेलं

मारुतीची रिट्झ गाडी आठवते का? २००९ साली आली होती, मागच्या लाईटचा आकार जरा हटके असलेली. बरं ती नसेल आठवत, तर रिट्झ नावाची खारी बिस्किटं? तीही नसतील, तर पुण्यात येरवड्याला गोल्फ कोर्सच्या शेजारी असलेलं रिट्झ-कार्लटन हॉटेल तरी बाहेरून पाहिलं असेल. बाहेरूनच, कारण आतल्या जेवणाचं बिल हा वेगळा विषय आहे.

तर गाडी, बिस्किट आणि हॉटेल या तिन्हीत जो ‘रिट्झ’ आहे, तो एक खराखुरा माणूस होता. सेझार रिट्झ. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका गरीब शेतकऱ्याचा पोरगा.

आज आपण ट्रिपला निघताना आधी काय बघायचं ते ठरवत नाही, काय खायचं ते ठरवतो. महिनाभर पैसे बाजूला टाकून एखाद्या फाइव्ह स्टारच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करतो, चांगले कपडे घालून जातो, ताटाचे फोटो काढतो. हॉटेल हे फक्त झोपायचं ठिकाण नाही, खास जेवायला म्हणून जायचं ठिकाण आहे, ही सवय जगाला लावण्यात ज्या मोजक्या लोकांचा हात होता त्यात हा गडी सगळ्यात पुढं होता.

आणि या कामानंच त्याला खाल्लं. कसं, ते बघू.

तेरावं पोर

२३ फेब्रुवारी १८५०. स्वित्झर्लंडच्या व्हॅले भागात नीडरवाल्ड नावाचं एक चिमुकलं गाव. तिथं एका शेतकऱ्याच्या घरी तेरावं मूल जन्माला आलं. बारा भावंडांच्या मागं जन्मलेल्या पोराच्या वाट्याला किती जमीन येणार, हे वेगळं सांगायला नको. लहानपणी सेझारनं गुरं-शेळ्या राखल्या. थोडंफार शिक्षण झालं आणि पंधराव्या वर्षी बापानं त्याला जवळच्या ब्रिग गावातल्या हॉटेलात कामाला लावलं. काम होतं वाईन वाढायला शिकायचं.

पण मालकाला पोरगं काही पटलं नाही. या धंद्याला एक खास हातोटी लागते आणि ती तुझ्यात नाही, अशा अर्थाचं काहीतरी सुनावून त्यानं सेझारला घरी पाठवलं, असं सांगतात.

सेझार घरी बसला नाही. १८६७ साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. जगभरातून माणसं येणार म्हटल्यावर हॉटेलांना हात कमी पडत होते. हा तिकडे पळाला. बूट पुसले, सामान उचललं, टेबलं पुसली. घाईघाईत इतक्या बशा फोडल्या की एका ठिकाणाहून त्यासाठीही हाकललं गेल्याची गोष्ट आहे.

तरी दोनेक वर्षांत तो एका रेस्टॉरंटमध्ये बऱ्या हुद्द्यावर पोहोचला. आणि तिथं त्यानं एक येडचाप वाटेल असा निर्णय घेतला. हातातली चांगली नोकरी सोडून तो ‘व्वाझां’ या पॅरिसमधल्या नामांकित रेस्टॉरंटमध्ये साधा मदतनीस वेटर म्हणून लागला. म्हणजे पुन्हा खालच्या पायरीवर.

का? तर तिथं राजे, लेखक, बँकवाले, नट्या जेवायला यायच्या. या लोकांना नेमकं काय हवं असतं ते त्याला जवळून बघायचं होतं. कोण वाईन कशी पितो, कुणाला मांस किती शिजलेलं लागतं, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं नाही, हे सगळं पोरगं डोक्यात साठवत गेलं. आज हॉटेलवाले कॉम्प्युटरमध्ये गिऱ्हाइकाची आवडनिवड भरून ठेवतात, तेच. फक्त कॉम्प्युटरच्या जागी सेझारचं डोकं होतं.

तांब्याची भांडी आणि गरम विटा

त्या काळी युरोपातल्या बड्या लोकांचा एक ठरलेला फेरा असायचा. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या डोंगरात, हिवाळ्यात फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर. हॉटेलंही तशीच हंगामी चालायची. रिट्झही पाहुण्यांच्या मागोमाग हंगामाप्रमाणे नोकऱ्या बदलत फिरू लागला.

१८७० च्या दशकात तो रिगी पर्वताच्या माथ्यावरच्या हॉटेलात होता. एके दिवशी कडाक्याची थंडी आणि नेमकं हॉटेल गरम ठेवणारं यंत्र बंद पडलं. त्यातच निरोप आला की चाळीस अमेरिकन पाहुणे दुपारच्या जेवणाला येतायत.

दुसरा कुणी असता तर हात जोडून माफी मागितली असती. रिट्झनं जेवणाची टेबलं मोठ्या थंड दालनातून उचलून एका लहान खोलीत हलवली. भोवती लाल कापडं लावली, म्हणजे बघूनच ऊब वाटावी. शोभेची झाडं लावलेली मोठी तांब्याची भांडी रिकामी करून घेतली आणि त्यात स्पिरिट पेटवलं. विटा तापवून, फडक्यात गुंडाळून प्रत्येकाच्या पायाशी ठेवल्या. मेन्यू असा की सुरुवात वाफाळत्या सूपनं आणि शेवट पेटवून आणलेल्या गोड धिरड्यांनी.

पाहुणे खुश होऊन खाली उतरले. ही गोष्ट हॉटेलवाल्यांच्या जगात पसरली आणि पुढं लुसर्नच्या ग्रँड हॉटेल नॅशनलनं त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं. तोट्यातलं ते हॉटेल रिट्झनं मार्गावर आणलं.

या किश्शात त्याचा सगळा मंत्र आहे. जेवण म्हणजे नुसतं ताटातला पदार्थ नाही. खोली, उजेड, ऊब, खुर्ची, वाढणारा माणूस हे सगळं मिळून जेवण होतं.

जय-वीरू भेटले

पण ताटात चांगलं काही नसेल तर नुसत्या पडद्यांनी पोट भरत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. माँटे कार्लोच्या हॉटेलात असताना त्याचा शेफ समोरच्या हॉटेलनं फोडला. रिट्झनं नवा शेफ शोधला. वर्ष होतं १८८४ आणि शेफचं नाव होतं ऑग्युस्त एस्कॉफिए.

हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या कुणालाही हे नाव विचारा, कानाला हात लावेल. किचनमध्ये कामाची शिस्तशीर विभागणी करणारा, फ्रेंच स्वयंपाक नीट लिहून काढणारा हाच तो माणूस. रिट्झ बाहेरचा हॉल सांभाळणार आणि एस्कॉफिए आतली भट्टी, अशी ही जोडी जमली.

आता तेव्हा हॉटेलात जेवण कसं असायचं तेही समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी एकच लांब टेबल, एकच वेळ आणि जे शिजलं असेल ते सगळ्यांना. थोडक्यात आपली खानावळ, फक्त झुंबराखाली. या दोघांचा भर वेगळ्या गोष्टींवर होता. आपलं वेगळं टेबल, आपल्या वेळेला जेवण, कार्ड बघून आपल्या आवडीनं ऑर्डर आणि पदार्थ आला तर गरमागरमच आला पाहिजे.

लंडनला जेवायला शिकवलं

१८८९ मध्ये लंडनला थेम्सच्या काठी सॅव्हॉय हॉटेल सुरू झालं. मालक होता रिचर्ड डॉयली कार्ट, नाटक कंपनीवाला माणूस. विजेचे दिवे, लिफ्ट, सगळा थाट होता. पण हॉटेल चालवायचं कसं याचा जाणकार हवा होता. त्यानं रिट्झचं काम जर्मनीतल्या बाडेन-बाडेनमध्ये पाहिलं होतं. रिट्झनं आधी आढेवेढे घेतले, शेवटी तो आला आणि मागोमाग एस्कॉफिएही.

अडचण वेगळीच होती. लंडनचे श्रीमंत पुरुष क्लबात जेवायचे, नाहीतर घरी. घरंदाज बाईनं चारचौघात रेस्टॉरंटमध्ये बसून जेवणं बरं दिसत नाही, असं मानलं जायचं. मग हॉटेलचा हॉल भरायचा कुणी?

रिट्झनं ओळखलं की खरी किल्ली बायकांच्या हातात आहे. बायका आल्या की पुरुष येणार, आणि बायका तेव्हाच येतील जेव्हा तिथं येणं प्रतिष्ठेचं होईल. त्यानं रात्रीच्या जेवणाला ठरावीक पोशाख सक्तीचा केला. समाजात वजन असलेल्या बायकांना आधी आपल्या बाजूला वळवलं. जेवताना बँड लावला. टेबलावर फुलं आली. उजेड असा ठेवला की समोरच्याचा चेहरा उजळ दिसावा. रविवारी संध्याकाळी लंडन झोपलेलं असायचं, तर रविवारचं जेवणही त्यानं लोकांच्या सवयीचं करून टाकलं.

आणि आतून एस्कॉफिए एकेक पदार्थ पाठवत होता. ऑस्ट्रेलियाची गाजलेली गायिका नेली मेल्बा तिथं उतरायची. तिच्यासाठी त्यानं व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच मांडून, बर्फाच्या हंसात ठेवून पाठवले. तेच आजचं पीच मेल्बा. पुढं त्यात रासबेरीचा रस आला आणि जगभरच्या मेन्यू कार्डावर जाऊन बसलं.

राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड, हा खाण्यापिण्याचा जबरी शौकीन. तो रिट्झचा जुना गिऱ्हाईक. रिट्झ जाईल तिकडे हा जाणार आणि हा जाईल तिकडे अख्खं उच्चभ्रू लंडन जाणार, असं गणित बसलं होतं.

आणि मग एके दिवशी गच्छंती

मार्च १८९८. सॅव्हॉयच्या संचालकांनी रिट्झ आणि एस्कॉफिए या दोघांनाही एका झटक्यात कामावरून काढून टाकलं. किचनमधल्या काही आचाऱ्यांनी तर विरोध म्हणून सुऱ्या उपसल्या आणि पोलीस आले, अशा बातम्या तेव्हाच्या पेपरात छापून आल्या.

बाहेर लोकांना वाटलं, मालकांशी वाजलं असेल. रिट्झनं आधी सॅव्हॉयवर दावाही ठोकला. पण आतली गोष्ट वेगळी होती. संचालकांनी गुपचूप हिशोब तपासले होते. १८९७ च्या पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ३,४०० पौंडांच्या वाईन आणि दारूचा पत्ता लागत नव्हता. किचनला माल पुरवणाऱ्यांकडून एस्कॉफिए कमिशन घेत होता. रिट्झ सॅव्हॉयचा पगार घेऊन स्वतःच्या नव्या हॉटेलांची जुळवाजुळव करत होता, पाहुणचारही त्याच खात्यावर चालला होता.

१९०० साली दोघांनी कबुलीजबाबावर सह्या केल्या आणि पैसे परत करायचं मान्य केलं. एस्कॉफिएच्या नावावर ८,००० पौंडांच्या वर रक्कम निघाली, पण त्याच्याकडे द्यायला ५०० च होते. हे सगळं प्रकरण सॅव्हॉयनंही झाकून ठेवलं, कारण बोभाटा झाला असता तर बड्या गिऱ्हाइकांची नावं आली असती. ती कागदपत्रं लोकांसमोर आली थेट १९८० च्या दशकात.

म्हणजे आपला हिरो धुतल्या तांदळासारखा नव्हता. हॉटेल धंद्यातलं कमिशन तेव्हाही होतं आणि आजही भाजी मंडईपासून मोठ्या किचनपर्यंत त्याच्या गोष्टी ऐकायला मिळतात. पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्याची हुशारी खरी होती, आणि हेही खरं होतं. दोन्ही एकाच माणसात होतं.

स्वतःच्या नावाची पाटी

काढून टाकल्यावर तीनच महिन्यांनी, जून १८९८ मध्ये, पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकात ‘ऑतेल रिट्झ’ उघडलं. तेरावं पोर, गुरं राखणारा, आता पाटीवर त्याचं नाव.

या हॉटेलात त्यानं डोक्यातलं सगळं उतरवलं. खोल्यांना जोडून स्वतंत्र बाथरूम, वीज, फोन. त्याला अस्वच्छतेची चीड होती, म्हणून धूळ धरून ठेवणारे वॉलपेपर नकोत, भिंती रंगवायच्या म्हणजे पुसता येतात. लॉबी मुद्दाम लहान ठेवली, म्हणजे रिकामटेकड्यांनी येऊन बसू नये.

आणि दिवे. बायको मारी-लुईझला तो समोर बसवायचा आणि वेगवेगळ्या रंगाच्या शेड लावून तिचा चेहरा कशात चांगला दिसतो ते तासन्‌तास बघायचा. शेवटी जर्दाळूच्या गुलाबीसर रंगावर त्याचं मन बसलं. आज महागड्या रेस्टॉरंटमध्ये सेल्फी छान का येतो, तर असा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलाय म्हणून.

इतकं करूनही या माणसाला स्वतःच्या हातापायांची लाज वाटायची. ते शेतकऱ्याचे, मोठे होते. म्हणून तो मापापेक्षा लहान बूट घालायचा, असं सांगतात. राजांना बसायला आरामशीर खुर्ची शोधणारा माणूस स्वतः दिवसभर चिमटणाऱ्या बुटात उभा असायचा.

१८९९ मध्ये लंडनला कार्लटन हॉटेल सुरू झालं, किचनला पुन्हा एस्कॉफिए. जुने गिऱ्हाईक सॅव्हॉय सोडून तिकडे वळले. रिट्झ आता पॅरिस-लंडन अशा फेऱ्या मारत होता. झोप नाही, उसंत नाही.

राजाचं अपेंडिक्स आणि रिट्झचं कोसळणं

१९०१ मध्ये राणी व्हिक्टोरिया वारली. प्रिन्स ऑफ वेल्स आता राजा सातवा एडवर्ड झाला. राज्याभिषेकाची तारीख ठरली २६ जून १९०२.

रिट्झसाठी याहून मोठा दिवस कुठला असणार? त्याचा जुना गिऱ्हाईक राजा होतोय, जगभरातले पाहुणे लंडनमध्ये येतायत आणि त्यातले कित्येक कार्लटनमध्ये उतरतायत. महिनोन्‌महिने तयारी चालली. खोल्या, फुलं, मेजवान्या, मिरवणूक बघायची व्यवस्था, सगळं ठरलेलं.

आणि २४ जूनला, फक्त दोन दिवस आधी, बातमी आली. राजाला अपेंडिक्सचा त्रास, तातडीनं ऑपरेशन, राज्याभिषेक पुढं ढकलला.

हॉटेलात रद्द झालेल्या बुकिंगची रांग लागली. त्याही दिवशी रिट्झनं डोकं शांत ठेवलं. जेवायला बसलेल्या पाहुण्यांना त्यानंच बातमी दिली, ऑर्डरी मागं घेतल्या, माणसांना कामं वाटून दिली. सगळं निस्तरलं आणि मग तो कोसळला.

वय ५२. त्यानंतर तो पुन्हा पहिल्यासारखा कधीच उभा राहिला नाही. मध्ये मध्ये बरं वाटायचं, पुन्हा काळोख. आज आपण ज्याला बर्नआऊट किंवा डिप्रेशन म्हणतो, त्याला तेव्हा धड नाव नव्हतं आणि धड औषधही नव्हतं.

राजा मात्र सहा आठवड्यांत बरा झाला. ९ ऑगस्टला राज्याभिषेकही झाला.

१९०६ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीत रिट्झ हॉटेल उघडलं, १९१० मध्ये माद्रिदमध्ये. नाव मोठं होत गेलं आणि माणूस हळूहळू आपल्याच हॉटेलांच्या कारभारातून बाहेर पडत गेला. पॅरिसचं हॉटेल मारी-लुईझनं धरून ठेवलं. शेवटची वर्षं स्वित्झर्लंडमध्ये, लुसर्नच्या परिसरातल्या दवाखान्यात गेली. ऑक्टोबर १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपायला काही दिवस उरले असताना, सेझार रिट्झ गेला. वय ६८.

मारी-लुईझनं नंतर त्याचं चरित्र लिहिलं, १९३८ साली ते छापून आलं. त्याच्या बऱ्याच गोष्टी आपल्याला कळतात त्या तिच्यामुळे. मुलगा चार्ल्सनं पुढं पॅरिसचं हॉटेल सांभाळलं. सेझारची कबर आज त्याच्या गावात, नीडरवाल्डला आहे.

नाव मात्र सुटलंच

इंग्रजीत ‘रिट्झी’ हा शब्द झाला, अर्थ श्रीमंती थाटाचा. १९३४ मध्ये अमेरिकेत ऐन मंदीत बिस्किटं आली, त्यांना रिट्झ नाव दिलं, म्हणजे खिशात चार पैसे असलेल्यालाही थाट वाटावा. पुण्यातलं रिट्झ-कार्लटन ज्या साखळीचं आहे ती आता मॅरियटच्या मालकीची. पॅरिस आणि लंडनच्या रिट्झशी तिचा धंद्याचा संबंध नाही, नाव तेवढं तिकडून आलेलं.

तर पुढच्या वेळी फूड ट्रिपला जाल, एखाद्या मोठ्या हॉटेलात खिसा रिकामा करून बसाल, तेव्हा पदार्थाच्या आधी दिव्याकडे बघा. मग वाढणाऱ्या पोराच्या बुटांकडे बघा. दहा-बारा तासांची ड्युटी त्याच बुटांत उभ्यानं काढायची असते. बिलात सर्व्हिसचे पैसे लागतात, पण एक ‘थँक यू’ लागत नाही. ते आपल्याकडून द्यायला काय जातंय!